मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने का जात नाही?

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात येणाऱ्या तक्रारींत एक तक्रार ठरलेली असते. ट्रेलरने कोपऱ्यावरचा बांध फोडला, पाइपलाइनचा व्हॉल्व्ह मोडला, पाटाची कड ढासळली. ड्रायव्हरला समज द्या. ड्रायव्हरला बोलावले तर तो म्हणतो, "साहेब, मी ट्रॅक्टर अगदी रस्त्याच्या मधून काढला होता." जागेवर जाऊन पाहावे तर ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा खरोखरच मधोमध असतात, आणि शेवटच्या ट्रेलरचे चाक बांधावर चढलेले असते. म्हणजे सभासदही खोटे बोलत नाही आणि ड्रायव्हरही नाही.

हा लेख त्या मागच्या चाकाविषयी आहे. दहा, बारा, चौदा चाकांचे ट्रक आता आपल्याला नवे राहिलेले नाहीत. मागची चाके वळणारी मोठी वाहनेही काहींनी हमरस्त्यावर पाहिली आहेत. ती पाहून एक-दोन सभासदांनी मला विचारले, की आपल्या ट्रेलरचीही मागची चाके वळती करून घेतली तर बांध वाचतील की नाही? प्रश्न चांगला आहे. बांध वाचतील, पण तेवढ्यावर थांबून भागत नाही. माझे शिक्षण शेतीचे, मोटारीचे नव्हे. परंतु या विषयाला शाळेतल्या भूमितीपेक्षा जास्त काही लागत नाही, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

गाडीचा तिवडा

ज्यांनी बैलांची मळणी पाहिली आहे त्यांना पात आठवत असेल. खळ्याच्या मध्यभागी तिवडा रोवलेला, आणि त्याला जोडून बैलांची ओळ. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी पाय उचलतो, टोकाच्या बैलाला मात्र झपाझप चालावे लागते. सगळे एकाच तिवड्याभोवती फिरतात, पण प्रत्येकाचे रिंगण वेगळे.

वळणावरच्या गाडीचेही तसेच आहे. तिचा तिवडा डोळ्याला दिसत नाही एवढेच. तो शोधायची रीत सोपी आहे. चाक नेहमी आपल्या आसाशी काटकोन करून लोळते. प्रत्येक आसाला एक लांबलचक काठी बांधली आहे आणि ती बाजूच्या शेतात पार दूरवर गेली आहे, अशी कल्पना करा. स्टेअरिंग वळवले की पुढच्या चाकांची काठी तिरपी होते. मागच्या आसाची काठी सरळच राहते. या दोन काठ्या शेतात जिथे एकमेकींना छेदतील तिथे गाडीचा तिवडा. गाडी त्याच्याभोवतीच फिरणार.

आता यातून एक गोष्ट आपोआप निघते. मागचा आस वळत नाही, म्हणून तिवडा नेहमी मागच्या आसाच्याच रेषेवर पडतो. पुढची चाके त्या रेषेपासून पुढे असल्यामुळे तिवड्यापासून लांब, आणि मागची चाके जवळ. टोकाचा बैल पुढचे चाक, आतला बैल मागचे चाक. मागचे चाक आतून जाते ते ड्रायव्हरच्या चुकीने नव्हे. जुना गाडीवान बैल कोपऱ्याच्या बराच पुढे नेऊन मग वळवायचा, तो याच कारणाने. त्याला भूमिती कुणी शिकवली नव्हती, पण एकदा चाक दगडाला घासले की माणूस शिकतो.

किती आतून जाते, याचा हिशेब करता येतो. समजा पुढच्या आसाचा मध्य ४० फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो आहे. पुढच्या-मागच्या आसांत १३ फूट अंतर असेल तर मागचा आस सुमारे २ फूट २ इंच आतून जाईल. तेच अंतर २० फूट असेल तर ५ फूट ४ इंच. नीट पाहा: अंतर दीडपटीने वाढले आणि आत जाणे अडीचपटीने. म्हणून लांब गाडीचे वळण छोट्या गाडीवरून अंदाजू नये. "परवा टेम्पो गेला की इथून," हे ट्रकवाल्याला सांगण्याचे कारण होऊ शकत नाही.

दोन ट्रेलरची आगगाडी

आपल्याकडचा चारचाकी ट्रेलर एका अर्थाने मोठा शहाणा आहे. त्याचा पुढचा आस टर्नटेबलवर बसवलेला असतो आणि दांडी जिकडे ओढेल तिकडे तो वळतो. त्यामुळे हा ट्रेलर तेवढ्याच लांबीच्या, सरळ जोडलेल्या ट्रकपेक्षा कमी आत जातो. पण मागचा आस न वळणाराच. म्हणून प्रत्येक ट्रेलर आपल्या वाटणीचे थोडे थोडे आत ओढत जातो आणि शेवटच्या चाकाशी त्याची बेरीज होते.

एक उदाहरण मांडतो; मापे ठोकळ धरली आहेत. ट्रॅक्टरच्या आसांत साडेसहा फूट, हूक मागच्या आसापासून अडीच फूट मागे, दांडी सहा फूट, ट्रेलरच्या दोन आसांत नऊ फूट, पहिल्या ट्रेलरच्या मागचा हूक तीन फूट मागे, आणि दुसरा ट्रेलर पहिल्यासारखाच. ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाचा मध्य ३० फूट त्रिज्येत फिरत राहिला, तर दुसऱ्या ट्रेलरचा मागचा आस पावणेपाच फूट आतून जातो. भरलेल्या ट्रेलरची रुंदी आठ फूट धरली तर सरळ रस्त्यावर आठ फूट जागा पुरते. या वळणावर जवळजवळ बारा फूट लागते. पाणंद दहा फुटांची. उरलेले दोन फूट कुठून येतात, ते बांधाचा मालक सांगेल! (एका काटकोनाच्या वळणात हे पूर्ण अंतर गाठण्याआधीच वळण संपते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी भरते. पण वळण अरुंद असेल तर त्रिज्याही कमी होते आणि आकडा पुन्हा वाढतो.)

टर्नटेबलचा एक तोटाही येथेच सांगून ठेवतो. दांडी पूर्ण आडवी झाली की ट्रेलरची पुढची दोन चाके शेजारी-शेजारी न राहता जवळजवळ एकामागे एक येतात. म्हणजे चार पायांचे बाजले तीन पायांवर आल्यासारखे होते. वर मोळ्यांचा उंच थर, कोपऱ्यावर एका बाजूला खड्डा, आणि ड्रायव्हरने आखूड वळण घेतले की ट्रेलर कलंडतो. पुष्कळदा दोष भरणीला दिला जातो. भरणीइतकाच तो वळणाचाही असतो.

आणखी एक. वळणावर ट्रॅक्टर, दांडी आणि ट्रेलरचा आतला कोपरा यांच्यातली फट मिटत जाते, कात्रीच्या पात्यांसारखी. तोडणी टोळीतली पोरे दांडीवर बसून येतात, मोटारसायकलवाले त्या फटीतून पुढे निघायला बघतात. ट्रॅक्टरचे मोठे चाक पुढे गेले म्हणजे आपण सुटलो, असे त्यांना वाटते. धोका त्यानंतरच्या चाकाचा असतो, कारण ते त्यांच्या अंगावर येत असते. मुकादमांनी आणि सभासदांनी यात कुणाचीही भीड धरू नये.

दोन तिवड्यांची भांडणे

आता जास्त आसांच्या ट्रककडे वळू. दहा चाकी ट्रकला मागे दोन आस, एकमेकांपासून साधारण सव्वाचार-साडेचार फुटांवर. दोन्ही न वळणारे. दोन्हींच्या काठ्या समांतर, म्हणजे त्या एकमेकींना कधीच छेदणार नाहीत. मग तिवडा कुणाच्या रेषेवर? कुणाच्याच नाही, तो दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतो. त्यामुळे वळताना एका आसाची चाके एका बाजूला घासतात, दुसऱ्याची दुसऱ्या बाजूला. डांबरी रस्त्यावर वळलेल्या मोठ्या ट्रकच्या मागे टायरच्या काळ्या फरकाट्या दिसतात, त्या या भांडणाच्या. टायरवर, पाट्यांवर आणि रस्त्यावर तिघांवरही त्याचा खर्च पडतो. तीन आस मागे असतील तर भांडण वाढतेच.

ओल्या काळ्या रानात याचा वेगळाच अनुभव येतो. ड्रायव्हर स्टेअरिंग पूर्ण फिरवतो, पुढची चाके वळलेली दिसतात, आणि गाडी मात्र सरळच जाते. कारण मागचे दोन भरलेले आस सरळ जायचे म्हणतात, आणि चिखलात पुढच्या चाकांची पकड इतकी कमी असते की त्यांचे ऐकले जात नाही. मोठा ट्रक शेतापर्यंत आणा असा आग्रह धरणाऱ्या सभासदांनी हे लक्षात घ्यावे. काही ट्रकना एक आस उचलण्याची सोय असते, त्याला लिफ्ट म्हणतात. रिकाम्या गाडीत लिफ्ट उचलली की वळण सोपे होते. भरलेल्या गाडीत ती उचलून वळणे म्हणजे एकाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देणे. टायर आणि बेअरिंग आज बोलणार नाहीत, पण बोलतील.

मागचा आस वळवला तर

इथे मागच्या वळत्या आसाची गोष्ट येते. सगळ्या काठ्या एकाच तिवड्यावर आणायच्या, हा त्यातला सगळा विचार. सर्वांत मागचा आस वळता केला आणि पुढची चाके डावीकडे वळताना ती उजवीकडे वळवली, तर त्याचीही काठी तिरपी होऊन इतरांच्या तिवड्याकडे येते. भांडण मिटते, टायर घासणे कमी होते. युरोपातल्या अनेक तीन आसी ट्रकना अशी सोय असते, विशेषतः गावातल्या अरुंद गल्ल्यांत जाणाऱ्या कचरागाड्यांना. वळता आस इंजिनाने फिरणाऱ्या आसाच्या पुढे असेल, तर मात्र तो पुढच्या चाकांच्याच दिशेने, पण कमी वळवावा लागतो. कारण तेच: काठी तिवड्यावर आली पाहिजे. युरोपात तर १९९६ च्या नियमाप्रमाणे वाहन बाहेरून साडेबारा मीटर आणि आतून ५.३ मीटर त्रिज्येच्या कड्यात पूर्ण फिरले पाहिजे, अशी अट आहे. गाडी लांब आणि कडे ठरलेले, म्हणून मागची चाके वळवणे तिथे अनेकांना भाग पडते.

फायदा किती? वरचेच उदाहरण घेऊ. आसांत २० फूट अंतर, ४० फूट त्रिज्या. मागची चाके पुढच्याइतकीच, पण उलट दिशेला वळवली, तर तिवडा पुढे सरकून गाडीच्या मध्यासमोर येतो. पुढचे आणि मागचे चाक एकाच वर्तुळावर चालतात. आत येतो तो फक्त गाडीचा मधला भाग, सव्वा फूट. कुठे ५ फूट ४ इंच आणि कुठे सव्वा फूट! हा आकडा पाहून कुणालाही मोह पडेल.

पण गाडीचे शेपूट विसरू नका. मागच्या आसाच्या मागे ट्रकचा आठ फूट भाग लोंबतो आणि पुढच्या आसाच्या पुढे साडेचार फूट, असे धरा. साध्या ट्रकमध्ये तिवडा मागच्या आसाच्या रेषेवर असल्यामुळे शेपूट थोडेच बाहेर येते. सुरुवातीला वळण घेताना ते जरा बाहेर झुकते एवढेच. फिरत्या वर्तुळात ट्रकचे नाक जिथून निभावले त्याच्या पुष्कळ आतून शेपूट जाते. मागची चाके वळती केली की हे चित्र उलटते. तिवडा पुढे सरकला म्हणून शेपूट त्याच्यापासून लांब पडले. माझ्या हिशेबाने वरच्या गाडीचे शेपूट नाकापेक्षाही सव्वा फूट बाहेरून जाते. ड्रायव्हर आरशात आतली बाजू बघत असतो, आणि गाडी बाहेरच्या बाजूला विजेचा खांब, कुंपण किंवा उभा माणूस झोडपते. आतला बांध वाचवायला जावे आणि बाहेरच्याचा खांब पाडावा, असा प्रकार.

ज्यांनी भात-गहू कापणारे मोठे कंबाइन हार्वेस्टर चालताना पाहिले आहेत त्यांना हे सांगायला नको. त्याची वळणारी चाके मागे असतात. तोंड बांधाला लागून चाललेले असते आणि वळताना मागचा भाग भलतीकडेच फिरतो. नवखा माणूस ते यंत्र सरळसुद्धा नेऊ शकत नाही.

मागे दुसरा माणूस बसवणे हा यावरचा जुना तोडगा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत आगीच्या लांब शिडीच्या गाडीला मागेही एक स्टेअरिंग असते आणि त्यावर वेगळा माणूस बसतो. त्याला टिलरमन म्हणतात. अरुंद, चढउताराच्या गल्ल्यांतून ती गाडी निघते ती दोघांच्या एकमेकांवरील भरवशावर. आपल्याकडे पवनचक्कीची पाती वाहून नेणाऱ्या लांबलचक गाड्यांतही मागची चाके वेगळ्या माणसाने वळवण्याची सोय असते. सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारासारख्या उंच जागी पवनचक्क्या उभ्या आहेत; तसल्या पठारांवर जाणाऱ्या घाटवळणाला सरळ लांब पाते नेताना पुढच्या ड्रायव्हरला शेपटाचे काय चालले आहे हे दिसणारही नाही.

आपोआप वळणारा आस

कुणी हाताने न वळवता आपोआप वळणारा आसही असतो. दवाखान्यातल्या खाटेचे छोटे चाक पाहा. त्याची खीळ पुढे आणि चाक जरा मागे असते, म्हणून खाट ढकलली की चाक आपोआप मागे लागते. तीच युक्ती ट्रक-ट्रेलरच्या आसाला करतात. स्वस्त, साधी, टायर वाचवणारी. परंतु खाट उलट ओढून पाहा: चाक गर्रकन फिरून भलतीकडे जाते. म्हणूनच असा आस गाडी मागे घेण्यापूर्वी सरळ करून कुलूपबंद करावा लागतो. ज्या गाडीला हे कुलूप नीट लागत नाही ती मागे घेऊ नये.

आणि त्याचा दुसरा दोष जास्त मोठा आहे. मोकळा फिरणारा आस वजन झेलतो, पण बाजूचा रेटा झेलत नाही. वेगात वळण घेताना भार बाहेर फेकला जातो तेव्हा त्याला धरून ठेवण्याचे काम उरलेल्या आसांवर येऊन पडते. चार मजुरांच्या टोळीतला एकजण नुसताच मोळीखाली हात लावून चालला, असे समजा. ओल्या रस्त्यावर मग गाडीचे मागचे अंग घसरते. म्हणून असल्या आसांना स्प्रिंगने किंवा हवेने मधोमध धरून ठेवतात आणि वेग वाढला की पूर्ण सरळ करून टाकतात. पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या मोठ्या क्रेनमध्येही मागचे आस संथ गतीत वळतात आणि रस्त्यावर वेग घेतला की कमी कमी वळतात.

वेगाचा मामला वेगळा

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. यार्डात, पाणंदीत, वजनकाट्यावर गाडी चालण्याच्या गतीने फिरते, तेव्हा चाके नुसती लोळतात आणि वरची भूमिती तंतोतंत लागू पडते. पन्नास-साठच्या वेगात ती पुरत नाही. तिथे टायरची बाजूची पकड गाडीला वळणात धरून ठेवते, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही टायरांनी आतल्याच बाजूला रेटा दिला पाहिजे. अशा वेळी मागची चाके उलट वळवली तर काय होईल? पुढची चाके गाडीचे नाक डावीकडे ओढतात, मागची शेपूट उजवीकडे ढकलतात, आणि गाडी वळण्याऐवजी स्वतःभोवतीच फिरू लागते. संथ गतीत जे वरदान तेच वेगात घातक.

याच्या उलट, वेगात मागची चाके पुढच्यांच्याच दिशेने किंचित वळवली, तर गाडी फारशी न फिरता बाजूला सरकते आणि स्थिर राहते. होंडा कंपनीने १९८७ साली प्रिल्यूड नावाच्या मोटारीत ही सोय नुसत्या यंत्ररचनेने साधली होती. स्टेअरिंग थोडे फिरवले, जसे वेगात फिरवतो, तर मागची चाके पुढच्यांच्या दिशेने वळत. खूप फिरवले, जसे वळसा घेताना फिरवतो, तर उलट दिशेने. माणसाच्या सवयीवर बसवलेली ती रचना मला फार हुशारीची वाटते. जड वाहनांत हे काम आता हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वेग पाहून करतात.

ट्रेलरच्या माळेत वेगाचा आणखी एक परिणाम होतो. चाबकाच्या दांड्याला दिलेला छोटा हिसका टोकाशी फटका होऊन पोचतो. खड्डा चुकवायला ट्रॅक्टरने जरासे डावी-उजवी केले तर पहिला ट्रेलर त्याहून जास्त झुलतो आणि दुसरा त्याहूनही. उताराला, ब्रेक नसलेला भरला ट्रेलर मागून ढकलत असताना, हे झुलणे थांबवणे ड्रायव्हरच्या हातात राहत नाही. आता या माळेतल्या ट्रेलरची मागची चाकेही उलट वळणारी केली तर झुलणे वाढेल की कमी होईल, हे वाचकच ओळखतील. मोठ्या कारखान्यांच्या आवारात आतल्या आत माल फिरवायला चारही चाके वळणाऱ्या गाड्यांची माळ वापरतात. त्या एकाच्या मागे एक अगदी त्याच रेघेवरून जातात, फार छान दिसते. पण ती फरशी सपाट असते आणि गती पायी चालण्याची. आपल्याला तोच ट्रेलर पाणंदीतून काढून पुढे डांबरी रस्त्याने कारखाना स्थळापर्यंत न्यायचा आहे.

तेव्हा विचारलेल्या प्रश्नावर माझे मत असे. गावच्या वर्कशॉपमध्ये रॉड जोडून ट्रेलरचा मागचा आस वळता करून घेण्याचा खटाटोप कुणी करू नये. सांधे धुळीने झिजतात, झिजलेल्या सांध्यात खेळ येतो, आणि रस्त्यावर शेपूट हलू लागते. कंपनीने बनवलेली, वेगात आपोआप सरळ होणारी आणि मागे घेताना कुलूप लागणारी व्यवस्था असेल तर गोष्ट निराळी. ती लांब ट्रकला, ठरलेल्या रस्त्यावर, शिकलेल्या ड्रायव्हरच्या हाती शोभते. आपल्या पाणंदीतल्या वळणाला स्वस्तातला इलाज मागच्या चाकात सापडायचा नाही, तो कोपऱ्यात आहे.

कोपरा कसा काढावा

कोपरा रुंद करायचा म्हटले की सभासद बाहेरच्या बाजूची माती काढतात, कारण ट्रॅक्टर तिकडून जाताना दिसतो. जागा हवी असते आतल्या बाजूला. आतल्या कोपऱ्याचे टोक दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा फूट मोजून तिरपे छाटले तर जो त्रिकोण जातो तो एकशे साडेबारा चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याचा जेमतेम दहावा हिस्सा. एकरी पन्नास टन उतारा धरला तर त्या तुकड्यात सव्वाशे किलोच्या आसपास ऊस येतो. आता दुसरी बाजू पाहा. कोपऱ्यावर एक ट्रेलर कलंडला की मागच्या सगळ्या गाड्या अडतात. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा हे आपण नेहमी सांगतो. त्यानंतर तो वाळून वजनात घटतो आणि साखरही घटते. वजनाची घट ज्याच्या नावावर ऊस आहे त्याच्या पदरात, साखरेची घट सगळ्यांच्या. आणि ज्याचा कोपरा आहे त्याचा ऊस बहुधा त्या दिवशी अडकलेला नसतो, म्हणूनच ही गोष्ट वर्षानुवर्षे तशीच राहते. बांधाचा प्रश्न नाजूक आहे हे मी जाणतो. जमीन नावावरून जात नाही, फक्त हंगामापुरता तेवढा तुकडा मोकळा ठेवायचा, असे दोन्ही शेजाऱ्यांनी गावच्या चार माणसांसमोर ठरवले तर मार्ग निघतो. हंगाम संपल्यावर तिथे वैरण करता येते.

किती छाटायचे, हे माझ्या आकड्यांवरून ठरवू नका. तुमच्या ट्रेलरची मापे वेगळी असतील. तोडणीची चिठ्ठी येण्यापूर्वी एक दिवस ट्रॅक्टर रिकाम्या दोन्ही ट्रेलरसह मागवावा. शेवटच्या ट्रेलरच्या आतल्या मागच्या चाकाशी, तळाला भोक पाडलेला एक डबा चुन्याची फक्की भरून बांधावा. ड्रायव्हरला नेहमीच्या सवयीने, अगदी सावकाश वळायला सांगावे. फक्कीची रेघ पडेल ती मागच्या चाकाची खरी वाट. त्या रेघेच्या आत आणखी दोन फूट सोडून दगड, व्हॉल्व्ह, ठिबकची मुख्य नळी, जे असेल ते हलवावे. भरलेला ट्रेलर बाजूला झुकतो आणि मोळ्यांची वाढी बाहेर लोंबतात, म्हणून हे दोन फूट. बाहेरच्या बाजूला खांब असेल तर त्याला जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत पांढरा पट्टा मारावा. ज्यांच्या वळणावर रेघ शेजाऱ्याच्या रानात जाते त्यांनी तोडणी सुरू होण्याआधीच गट ऑफिसात सांगावे. आमचा माणूस येऊन दोघांच्या समक्ष रेघ पुन्हा पाडून देईल.